पडद्यावर दिसलेला मामा

"माझ्या पोराला म्या शिनेमात बगितलाय." आजीचं हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं, की मामा सिनेमात कामं करायचा अशी माझी बरेच दिवस समजूत होती. मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं! मामा नट नव्हता. तो मराठा पलटणीत शिपाई होता. आमच्या सातारा भागात लढाईवर जाण्याला 'लामावर जाणं' म्हणत, तसा तो लामावर गेला आणि १९४३च्या नोव्हेंबरात इटलीत सांग्रो नदीच्या बाजूला मारला गेला. मी जन्मले त्यानंतर आठ वर्षांनी. म्हणजे मी मामाला पाहिलेलंच नाही.

हकीकत अशी. १९४४च्या जानेवारीत तार आली. घरात रडारड झाली, दिवस घातले, मामीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मामी तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. पुढे चैत्रात तालुक्याच्या गावी जत्रा भरली आणि तिथे सरकारची सिनेमाची मोटार आली. फुकट खेळ. दोन बांबूंना पांढरं कापड ताणलेलं, मागे मोटारीत यंत्र घरघरतंय, कर्ण्यातून कुणीतरी हिंदुस्थानीत बोलतंय. आजी, मामी आणि माझी आई (ती तेव्हा चौदा वर्षांची) बायकांच्या गर्दीत बसल्या होत्या. पडद्यावर आपले शिपाई दिसू लागले. रांगेने चालताहेत, बोटीत चढताहेत, चुलीभोवती बसून हसताहेत. त्यातल्या एकाने चालता चालता मान वळवून बघितलं, आणि आजी ताडकन उठून उभी राहिली. मामाचं नाव घेऊन तिने अशी हाक मारली, की मोटारीतला माणूससुद्धा बाहेर आला म्हणे.

घरी आल्यावर आजीने देवघरातली कुंकवाची करंडी आणली आणि मामीच्या कपाळाला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. तिचा हिशोब सरळ होता. तार आली पौषात. पोराला चालताना बघितलं चैत्रात. मग तार खोटी.

मी इतिहास शिकवायचे. तीस वर्षं शिकवला. इतिहासाची साधनं हा धडा आला की फळ्यावर लिखित, भौतिक, मौखिक अशी वर्गवारी करायची आणि शेवटी 'दृक्-श्राव्य साधने' असं लिहून पुढे कंसात 'विश्वासार्ह' लिहायची. डोळ्यांनी दिसतं त्याबद्दल शंका कसली? फळ्याकडे तोंड करून मी हे लिहीत असताना आजीची गोष्ट मला एकदाही कशी आठवली नाही, याचं आता नवल वाटतं. निवृत्तीनंतर हातात वेळ आला, मुलाने संगणक आणून दिला, आणि मी युद्धातले माहितीपट बघायला लागले. या वयात बायका भजनी मंडळात जातात, मी तोफा बघत बसते, असं घरात चेष्टेने म्हणतात. असो.

सुरुवात केली ती १९१६च्या 'द बॅटल ऑफ द सोम'पासून. हा मूकपट आहे. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे पडद्यावर पाटी येते आणि ती वाचून होईपर्यंत थांबते, ही सोय मला फार आवडली. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात १ जुलै १९१६ रोजी इंग्रजांनी मोठा हल्ला चढवला. त्यांच्याबरोबर जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल असे दोन छायाचित्रक होते. कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालवायचे, तिकाटण्यावर उभे करायचे. लांबचं जवळ आणणारी भिंगं नाहीत. म्हणजे लढाई टिपायची तर खंदकाच्या वर डोकं काढायला हवं, आणि डोकं काढलं की गोळी! त्यामुळे त्यांनी टिपलं ते मुख्यतः लढाईच्या आधीचं आणि नंतरचं. तोफगोळ्यांच्या राशी, मोर्चाकडे निघालेल्या पलटणी, मग स्ट्रेचरवरचे जखमी, पकडलेले जर्मन, मेलेले घोडे, मेलेली माणसं.

मधली जागा रिकामी राहिली. खंदकातून उठून शत्रूवर चालून जाणं, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच नीटसं हाती लागलं नव्हतं. मग ते बनवलं गेलं. आघाडीच्या बऱ्याच मागे, उखळी तोफांचं शिक्षण देणाऱ्या एका तळावर शिपायांना उभं करून ते चित्रित केलं, असं आता अभ्यासक सांगतात. नीट बघितलं तर आपल्यालाही कळतं. चर उथळ आहे. शिपायांच्या पाठीवर बोजा नाही. आणि कॅमेरा जिथे उभा आहे तिथे खऱ्या लढाईत कुणी अर्धं मिनिट टिकला नसता. तारांच्या कुंपणापाशी पडलेला एक 'मेलेला' शिपाई तर सावकाश पायावर पाय टाकून नीट पडून घेतो! शाळेच्या नाटकात मेलेला मावळा नाक खाजवतो, त्याची आठवण झाली.

मला वाटलं, झालं, सापडली चोरी. वहीत 'प्रचारपट' असं लिहून खाली रेघ मारली. पण दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, की या खोट्या तुकड्याने मला काहीच केलेलं नाही. मला हलवलं ते वेगळ्याच एका दृश्याने. बोमाँ-आमेल गावासमोर एक खोलगट वाट आहे आणि तिच्यात लँकेशायर फ्युझिलिअर्सचे शिपाई दाटीवाटीने बसले आहेत. १ जुलैचीच सकाळ. थोड्याच वेळात त्यांना उठायचं आहे. त्यातले काही कॅमेऱ्याकडे बघतात. कुणी ओशाळं हसतो, कुणी नुसताच बघतो. हे दृश्य शंभर टक्के खरं आहे. आणि त्यातले बरेचजण तासाभरात मेले किंवा जखमी झाले.

चित्रपट लंडनमध्ये २१ ऑगस्टला लागला, एकाच वेळी ३४ थिएटरांत. लढाईला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, ती अजून चालूच होती. पहिल्या सहा आठवड्यांत दोन कोटी लोकांनी तो बघितला असं सांगतात. तेव्हाच्या ब्रिटनची लोकसंख्या सुमारे साडेचार कोटी, म्हणजे बघा! लोक काय युद्धशास्त्र शिकायला गेले नव्हते. आपला कुणी दिसतोय का, हे बघायला गेले होते. काहींना दिसलाही. डरहॅमच्या डीनसाहेबांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला, की ज्यांच्या घरात सुतक आहे त्यांच्या दुःखाचा हा तमाशा आहे. त्यांना बऱ्याच लोकांनी उलट उत्तरं दिली. आमची मुलं कशी लढली ते आम्हाला बघू द्या, असा त्यांचा रोख होता. मला दोन्ही पटतं. वर्गात असते तर कुणा एकाच्या बाजूने बोलावं लागलं असतं, आता गरज नाही.

चित्रपटात न सांगितलेल्या गोष्टी काय? त्या एका दिवसात इंग्रजांचे ५७,४७० लोक हताहत झाले, त्यांपैकी १९,२४० मेले. हा आकडा कुठेच नाही. खोलगट वाटेतल्या शिपायांना जे गाव घ्यायचं होतं ते त्या दिवशी मिळालं नाही, नोव्हेंबरात मिळालं, हेही नाही. मॅकडॉवेल दक्षिणेकडे होता, तिथे खरोखर यश आलं होतं, म्हणून पकडलेल्या जर्मनांची दृश्यं भरपूर आहेत. ती पाठोपाठ बघताना सगळ्या आघाडीवर तसंच झालं असावं असं वाटतं. एकही चित्र खोटं न दाखवता केवळ क्रम लावून हे साधतं. आणि तरीही त्याच चित्रपटात एक शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन चरातून येतो आणि पाटी सांगते, की हा माणूस अर्ध्या तासात मरण पावला. नुसता प्रचारच करायचा असता तर ही पाटी कशाला लिहिली असती? पुढच्या वर्षी जर्मनांनी उत्तरादाखल सोमवर स्वतःचा चित्रपट काढला, त्यात तर बहुतेक लढाई बनवलेलीच होती. तो आज कुणाच्या फारसा लक्षात नाही. इंग्रजांच्या चित्रपटाला मात्र २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात हे काम फार पद्धतशीर झालं. १९४१ मध्ये इंग्रजांच्या लष्कराने आपलं स्वतःचं छायाचित्रण पथकच उभारलं. शिपायांनाच कॅमेरा शिकवला आणि आघाडीवर धाडलं. या पथकाची एक रीत मला कळली, आणि ती कळल्यापासून मी आजीच्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघते. प्रत्येक रिळाबरोबर छायाचित्रकाने एक कागद भरून पाठवायचा असे. कोणत्या तारखेला, कुठे, कोणती पलटण, काय चाललं आहे, ओळखीचे असतील तर नावं. आमच्या शाळेत प्रयोगवही असायची तसंच. रीळ आणि कागद मिळून झाली लष्करी नोंद. मग ते रीळ संकलकाच्या टेबलावर जातं. तो त्यातले चार तुकडे कापतो, दुसऱ्या रिळातले सहा कापतो, जोडतो, वर वाद्यं आणि निवेदन घालतो. कागद फाईलमध्येच राहतो. 'डेझर्ट व्हिक्टरी' हा अल् अलामीनच्या लढाईवरचा चित्रपट असाच बनला. त्यात रात्रीच्या हल्ल्यातले काही तुकडे इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत घेतलेले आहेत आणि ते वाळवंटातल्या खऱ्या तुकड्यांच्या शेजारी बेमालूम बसले आहेत. १९४४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

म्हणजे नोंद आणि प्रचार ही दोन वेगळी रिळं नसतात. रीळ तेच. कागद सुटला की त्याचा प्रचार होतो.

आपल्याकडची यंत्रणा मुंबईत होती. १९४० मध्ये सरकारने फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड काढलं. त्याची धुरा काही काळ 'माणूस' आणि 'शेजारी' करणाऱ्या व्ही. शांताराम यांच्याकडे होती, हे वाचून मी चकित झाले होते. पण तेव्हा हिटलरला हरवलं पाहिजे असं मनापासून वाटणारी माणसंही होतीच, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. १९४३ मध्ये त्याच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि वृत्तचित्रांसाठी इंडियन न्यूज परेड आलं. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत कलम घालून प्रत्येक थिएटरला सरकारमान्य फिल्म दाखवणं सक्तीचं केलं. जिथे थिएटर नाही तिथे मोटारी जात. आमच्या साताऱ्यात तेव्हा नाना पाटलांचं पत्री सरकार जोरात होतं. एका घरातला एक भाऊ लामावर आणि चुलतभाऊ भूमिगत, असंही असे. आई सांगायची, की सिनेमाच्या मोटारीबरोबर पोलीस असायचे, आणि पडद्यासमोर बसलेल्यांत भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायकाही असायच्या. खेळ फुकट होता ना!

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हा सगळा पसारा मोडला. परिणाम असा, की १९४७ च्या ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या मध्यरात्री, सरकारजवळ स्वतःचं वृत्तचित्र पथक नव्हतं. मग १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघालं, आणि सिनेमाच्या आधी न्यूजरील बघण्याची सक्ती आपल्याच सरकारने पुढे चालू ठेवली. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. आमच्या पिढीने त्या न्यूजरीलच्या वेळात बाहेर जाऊन किती भजी खाल्ली असतील त्याची गणती नाही. पण १९६५ च्या लढाईनंतर कुणी बाहेर जात नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची. पकडलेले पॅटन रणगाडे पडद्यावर आले आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं, मीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या. शेजारी बघितलं तर आई टाळ्या वाजवत नव्हती. खुर्चीत पुढे वाकून ती शिपायांचे चेहरे बघत होती. मामाला जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

आजीकडे येते. पेन्शनचे कागद तिने दोनदा परत पाठवले. मामीचा अंगठा हवा होता, पण आजीचं म्हणणं, अंगठा दिला म्हणजे पोरगं मेलं हे आपण कबूल केलं. घरात तंगी होती. मामी दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायची. कपाळावर कुंकू घेऊन जायची. अशी आठ वर्षं गेली. शेवटी १९५२ मध्ये शेजारच्या गावचे एक सुभेदार पेन्शनवर येऊन घरी बसले, त्यांना आजोबांनी सगळं सांगितलं. सुभेदार जुने जाणते. त्यांनी आजीला आधी विचारलं, पडद्यावर आभाळ कसं होतं, झाडं कसली होती, अंगावर कपडे कोणते होते. मग म्हणाले, "आई, ती चित्रं बेळगावची. बोटीत बसायच्या आदुगर मोटारवाल्यांनी काढल्याली. तार बी खरी, चित्र बी खरं. पर चित्र आदुगरचं हाय."

आजी बराच वेळ काही बोलली नाही म्हणे. मग म्हणाली, "मंग त्या मोटारवाल्यांनी तवाच का न्हाय सांगितलं?"

याचं उत्तर सुभेदारांजवळ नव्हतं. कर्ण्यातला माणूस इतकं बोलत होता, शूर म्हणत होता, बहादूर म्हणत होता. गेल्या वर्षीचं चित्र आहे एवढंच तेवढं म्हणाला नाही. बाकी एकेक शब्द खरा असेल. मी फळ्यावर 'विश्वासार्ह' लिहायचे ते हेच.

कागदावर अंगठा झाला. कुंकू दुसऱ्यांदा पुसलं. ते मी पाहिलं असणार, वर्षाची होते, पण आठवत नाही. आजी मात्र पुढेही "शिनेमात बगितलाय" म्हणत राहिली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

मामीशी मी या विषयावर एकदाच बोलले, १९८६च्या सुमारास. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी ओसरीत तांदूळ निवडत होतो. मी सहज म्हटलं, "मामी, तुला कसा दिसला होता गं मामा पडद्यावर?"

"त्यो न्हवता," मामी म्हणाली. सुपातून हात काढला नाही.

"म्हणजे?"

"तुज्या मामाचा डावा खांदा जरा खाली असायचा चालताना. त्यो पडद्यावरला ताठ हुता. मला तवाच कळलं."

मला काय बोलावं सुचेना. आठ वर्षं! म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? पेन्शन तरी आली असती.

"आत्याबाईंचं हात कापत हुतं कुकू लावताना. काय बोलू?" मग थोड्या वेळाने, एक खडा अंगणात टाकून म्हणाली, "आन कुकवाची बाई म्हून आठ वर्सं काढली म्या. हळदीकुकवाला बोलवायची समदी. लग्नात पुढं घ्यायची. त्येबी काय कमी न्हाय, पोरी."

मामी १९९४ मध्ये गेली. सांग्रोला अंत्यसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांसाठी स्मारक आहे. त्यावर पाचशेच्या वर नावं आहेत. मुलगा म्हणतो, जाऊ या एकदा. गुडघे काय म्हणतात ते बघू.

सध्या मी संगणकावर त्या काळातले हिंदी पलटणींचे तुकडे सापडतील तसे बघते. काहींखाली तारीख आणि जागा असते, काहींखाली नुसतं 'भारतीय सैनिक' एवढंच. कुणी चालताना दिसला की थांबवते, मागे नेते, पुन्हा चालवते, खांद्याकडे बघते. दोन ठिकाणी वाटलंही. पण खात्री कशी करणार? विचारायला आता कुणी नाही. घरात मामाचा एकच फोटो आहे, पलटणीत भरती झाल्यावर स्टुडिओत काढलेला. त्यात तो खुर्चीवर बसला आहे, दोन्ही हात गुडघ्यांवर. बसलेल्या माणसाचा खांदा खाली आहे की नाही, ते कळत नाही.